नाव ठेवायचं होतं

"तळघरात ओल आहे," ओरो म्हणाली. "तिथं मी कांदेसुद्धा ठेवणार नाही."

"पत्र्याचे डबे मागवलेत ना, ओरोबाई. घट्ट झाकणाचे."

"मग त्या डब्यांत तुमची फिल्म ठेवा."

डॉक्टर फ्लोरेंतीन हसले नाहीत. वय चौतीस, पॅरिसहून दप्तरशास्त्र शिकून आलेले, आणि ग्रीसमधल्या सालोनिकाच्या ज्यू समाजाच्या दप्तरखान्याचे प्रमुख होऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांच्या हातात छापील चिकट चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे होते. एका गठ्ठ्यावर 'मूळ', दुसऱ्यावर 'इतर'. ओरोच्या तेवीस वह्यांच्या वाट्याला 'इतर' आले होते, आणि म्हणून तळघर.

"राग मानू नका," ते म्हणाले. "जन्मांचं, लग्नांचं जुनं दप्तर जर्मनांनी एकेचाळीस साली उचलून नेलं. जवळ काहीच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं तुमच्या वह्यांवर भागलं. आता त्या दप्तराची फिल्म मिळालीय. मूळ ते मूळ. तुमचं म्हणजे... कसं सांगू... ऐकीव."

"बरोबर आहे," ओरो म्हणाली. "कानांनीच ऐकलं मी."

फिल्मबद्दल तिच्या मनात काही आकस नव्हता. दोन वर्षे पॅरिसहून पत्रांवर पत्रे लिहून डॉक्टरांनी ती परदेशातल्या एका ग्रंथालयातून मिळवली होती, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. पहिल्या आठवड्यातच त्या यंत्राच्या पडद्यावर तिच्या आईच्या लग्नाची नोंद आली, तेव्हा तिने खुर्ची मागे सरकवली होती आणि उभे राहून ती वाचली होती.

पण वह्या म्हणजे वह्या. पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात ती जर्मनांच्या छावणीतून परतली तेव्हा तेवीस वर्षांची होती. डोक्यावर बोटभर केस, हातावर नंबर, आणि अक्षर मात्र पूर्वीसारखेच देखणे. कार्यालयात एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा होता. नेलेल्या पन्नास हजार माणसांतली परत आली ती दोन हजारसुद्धा नव्हती. एकेक जण जिना चढून यायचा, समोरच्या खुर्चीत बसायचा आणि आपली गल्ली सांगायचा. या घरात कोण, वय काय, शेवटचे कोणी पाहिले. ओरो लिहून घ्यायची, खाली सांगणाऱ्याची सही. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा. कुणी दुसऱ्या दिवशी धापा टाकत परत यायचा, "काल तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी राहिला बघ!" कुणी साऱ्या शेजाऱ्यांची नावे घडाघडा सांगायचा आणि सख्ख्या बहिणीपाशी येऊन गप्प व्हायचा. ओरोने कुणाला घाई केली नाही. स्वतःची गल्ली तिने सर्वांत शेवटी लिहिली. चौदा नावे. खाली: सांगणार ओरो हासोन, लिहिणार ओरो हासोन.

छत्तीस वर्षे झाली त्याला. तिचे लग्न झाले नाही. होऊ शकले असते, दोनदा मागणीही आली होती. एकाने विचारले, "नोकरी सोडशील ना?" दुसऱ्याने तर विचारलेही नाही, गृहीतच धरले.

"हे बघा," डॉक्टर चिठ्ठीमागचा कागद सोलत म्हणाले, "दप्तराला शिस्त लागते. उद्या कुणी कोर्टात विचारलं..."

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आत आली ती पन्नाशीच्या घरातली बाई होती. निळा कोट, पायांत उंची बूट, आणि पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. ती स्पॅनिश बोलत होती, पण इथल्या ज्यू घरांतली जुनी बोली नव्हे. समुद्रापलीकडची, गुळगुळीत.

"मी एस्त्रेया. लग्नाआधीची आल्वो. ब्वेनोस आयरेसहून आलेय. इथं... माणसं शोधून देतात म्हणे."

"बसा," ओरो म्हणाली. "आल्वो कुठले?"

"हिर्श वस्ती. स्टेशनामागची. वडील बोहोर आल्वो, बंदरावर हमाल होते. आई जमीला."

"मग आमच्यासारखं बोला की! हमालाच्या पोरीला ही मडमेची भाषा कशाला?"

बाई हसली, आणि तिच्या तोंडून जुनी बोली बाहेर आली, जरा अडखळत, गंजलेल्या कडीसारखी. "छत्तीस वर्षांत जीभच फिरली हो माझी."

डॉक्टरांनी मोठ्या उत्साहाने यंत्र सुरू केले. अशा कामासाठीच तर ते आले होते. फिल्मचे रीळ सरसर फिरले, थांबले, थोडे मागे गेले. "हे घ्या! बोहोर शेमतोव आल्वो, हमाल. लग्न एकोणीसशे तीस. मुलगी एस्त्रेया, जन्म बत्तीस."

बाई पडद्याजवळ गेली. आपल्या नावावर तिने बोट ठेवले, काचेला न टेकवता. "ही मी," ती म्हणाली. मग बोट मागे घेत, "आणि पुढं?"

"पुढं काय?"

"मला फेब्रुवारीत लारिसाला पाठवलं. त्रेचाळीसच्या. शेजारी एक रेल्वेतला गार्ड होता, ख्रिस्ती. त्यानं डब्यात पोत्यांमागं बसवून नेलं. तिकडं इटलीवाल्यांचा अंमल, तिकडं बरं होतं. आईला नाही निघता आलं. तिचे दिवस भरत आले होते. आणि बाबा तिला सोडून निघणारे नव्हते." तिने खुर्चीत बसून पर्स मांडीवर ठेवली, परत उचलली. "लढाई संपल्यावर आत्यानं परस्पर अर्जेंटिनाला नेलं. आई-बाबा गेले हे मला ठाऊक आहे. ते विचारायला नाही आले मी. मला एवढंच विचारायचंय... आईला मूल झालं का?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिले. मग हळूच यंत्राचा दिवा विझवला.

"बाई, हे दप्तर एकेचाळीसला संपतं. त्यानंतरची नोंद नाही."

"कुठंच नाही?"

"अधिकृत अशी... नाही."

ओरो उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, कारण गुडघे आताशा कुरकुर करायचे. फडताळातून तिने पाठीवरचा आकडा न वाचताच चौथी वही काढली, टेबलावर ठेवली आणि दोनदा पाने उलटली.

"हिर्श वस्ती, पाचवी ओळ, घर अकरा," ती वाचू लागली. तिचा आवाज वाचताना बदलायचा. ताठ व्हायचा. "बोहोर आल्वो, बेचाळीस, हमाल. एका खांद्यावर पियानो नेला होता असे सर्व सांगतात. पत्नी जमीला, एकतीस. मोठी मुलगी आधीच गावाबाहेर काढली, देव तिला राखो." ओरोने श्वास घेतला. "मुलगा. जन्म नऊ मार्च त्रेचाळीस, वस्तीला कुंपण घातल्यावर. मूल धट्टेकट्टे. गाडी पंधरा मार्चला निघाली. वय सहा दिवस. नाव ठेवायचे होते. सांगणार पालोम्बा कापोन, वय एकोणीस, तिने बाळंतपणाला पाणी तापवले. ऑगस्ट पंचेचाळीस."

आठव्या दिवशी सुंता होते, आणि नाव तेव्हाच ठेवतात. हे तिघांनाही सांगावे लागणार नव्हते.

"मुलगा," एस्त्रेया म्हणाली.

"धट्टाकट्टा. पालोम्बानं तो शब्द दोनदा म्हटला होता. एकदाच लिहिला मी."

"ही पालोम्बा..."

"हैफाला गेली. अडुसष्टमध्ये वारली. तिला मी विचारलं होतं, नाव काय ठेवणार होते? तिला ठाऊक नव्हतं."

एस्त्रेयाने डोळे पुसले नाहीत. ती एकदम ताठ बसली, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखी. "मला ठाऊक आहे. शेमतोव. आजोबा शेमतोव होते ना! पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. बाबा तर आईच्या पोटाशी तोंड नेऊन हाका मारायचे, शेमतोव, ए शेमतोव, ऊठ, बोट लागलीय. आई म्हणायची, मुलगी झाली तर काय शेमतोव म्हणाल?"

ओरोने दौतीचे झाकण उघडले.

"ओरोबाई," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "जुन्या नोंदीत असा फेरफार करता येत नाही."

"मी खोडत नाहीये. खाली लिहितेय. आजच्या तारखेनं, सांगणाऱ्याच्या सहीनं. छत्तीस वर्षं असंच चाललंय."

"पण तुमचाच नियम ना, ज्यानं पाहिलं त्यानं सांगायचं? यांनी बाळाला पाहिलेलं नाही."

"बाळ पालोम्बानं पाहिलं. तिनं ते सांगितलं." ओरोने टाक बुडवला. "नाव पाहावं लागत नाही, डॉक्टर. नाव घरातलं असतं. घरातलं माणूस आलंय."

डॉक्टर वहीवर वाकले आणि वाचत राहिले. ओरो आपली बोली जुन्या वळणाच्या हिब्रू अक्षरांत लिहायची, आणि ती अक्षरे त्यांना सावकाशच वाचता यायची. त्यांनी वरची नोंद वाचली, खालची वाचली, पान उलटून मागचे वाचले. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. तिथे अंगठ्याचा एक ठसा होता आणि शेजारी ओरोचे अक्षर: आणखी कोणी राहिले असल्यास उद्या येऊन सांगेन म्हणाला.

"आला होता?" त्यांनी विचारले.

"चार दिवस येत होता," ओरो म्हणाली.

ती लिहू लागली. अक्षर आता थोडे थरथरायचे, म्हणून ती सावकाश लिहायची. 'नाव शेमतोव बोहोर आल्वो. सांगणार थोरली बहीण, एस्त्रेया.' एस्त्रेयाने सही केली. मग ओरोने टंकयंत्रात कागद सरकवला आणि दाखला टाइप केला: अमुक इसम या समाजात अमुक दिवशी जन्मला, अमुक दिवशी नेला गेला. छापील नमुन्यात 'इसम' असाच शब्द होता. सहा दिवसांच्या बाळालाही तोच लागायचा.

"दोन साक्षीदार लागतात," ती कागद ओढून काढत म्हणाली. "एक मी."

एस्त्रेया इकडेतिकडे पाहू लागली. गावात आता तिच्या ओळखीचे कोणीच नव्हते.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून पेन काढले. पूर्ण नाव लिहिले, हुद्दा लिहिला, आणि स्वतःच खणातून शिक्का काढून कागदावर दाबला. इतका जोरात, की टेबल हलले.

"हे अधिकृत?" एस्त्रेयाने विचारले.

"पूर्णपणे," डॉक्टर म्हणाले. मग ओरोकडे न बघता, "वह्या इथंच राहू देत, ओरोबाई."

"मी कुठं हलवत होते?" ओरो म्हणाली.

एस्त्रेयाला घरी फोन करायचा होता. हॉटेलवर जाईपर्यंत तिला धीर नव्हता. ओरो तिला कोपऱ्यावरच्या टपरीत घेऊन गेली. सिगरेटी, वर्तमानपत्रे, लिमलेटच्या गोळ्या आणि मीटर लावलेला फोन. टपरीवाल्याने परदेशी नंबर जोडून दिला. बस जात होत्या, मोटारी भोंगे वाजवत होत्या, आणि उंची बूट घातलेली ती बाई एका कानावर हात दाबून भर रस्त्यात मोठमोठ्याने ओरडत होती, "शेमतोव! नाही, नाही, ऐक! शे-म-तोव! हो! मुलगा!"

ओरो तिची पर्स धरून शेजारी उभी होती. येणारेजाणारे वळून बघत होते. ओरोने कुणाला गप्प केले नाही. तीही तशीच ताठ उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

फोन ठेवल्यावर टपरीवाल्याने कौतुकाने विचारले, "काय बाई, बारसं का घरात?"

"माझा भाऊ," एस्त्रेया म्हणाली. तिला अजून धाप लागली होती.

"असं होय! मोठा की धाकटा?"

एस्त्रेयाने दाखल्याची घडी नीट केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

"धाकटा," ती म्हणाली.