चौदावं नाव

मुंबईतल्या बैठकीत तेरा नावं तासाभरात ठरली आणि चौदाव्यापाशी गाडी अडली. डिसेंबरात परदेशी संघ येणार होता. चौदाव्या जागेवर एक फलंदाज वाढवायचा की तिसरा फिरकी गोलंदाज घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. फलंदाज हैद्राबादचा होता, सलामीला येणारा. गोलंदाज विदर्भाचा होता, डावखुरा, नाव मोतीराम.

मोतीरामचं नाव काढलं ते कलकत्त्याच्या सभासदाने. "दोन मोसमांत एक्केचाळीस बळी आहेत या माणसाचे. आपण आजवर त्याची चर्चासुद्धा केलेली नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांनी नारायणरावांकडे पाहिलं. पाच जणांच्या निवड समितीत नारायणराव मध्य विभागाचे. नागपूरच्या कॉलेजात गणित शिकवायचे, पण मूळचे मेहकरचे. मोतीराम त्यांच्याच जिल्ह्यातला, बीबी गावचा. बुलढाण्याच्या हायस्कुलात नारायणराव मास्तर होते तेव्हा हा पोरगा त्यांनीच पहिल्यांदा संघात घेतला होता. पुढे विदर्भाच्या संघात दोघं चार वर्षं बरोबर खेळले. त्याच्याबद्दल नारायणरावांना जास्त ठाऊक असणार, हे उघड होतं.

"बळी मॅटवरचे आहेत," नारायणराव म्हणाले. "काथ्याच्या मॅटवर चेंडू पकड घेतो आणि उसळतो. टर्फवर, नुसत्या मातीच्या खेळपट्टीवर, त्याचा चेंडू वळेल असं मला वाटत नाही. तो जरा जोरातच टाकतो."

मत झालं. मोतीरामला एकच मत पडलं, कलकत्त्याचं. इतर दोघं नारायणरावांचं ऐकून दुसरीकडे वळले होते, हे त्यांना कळत होतं. त्यात चूक काही वाटली नाही. आपल्या माणसाला ओढलं असा ठपका कुणी ठेवू शकणार नव्हतं, याचं थोडं समाधानही वाटलं.

यादी रेडिओवर सांगितली गेली. त्यानंतरच्या रविवारी नारायणराव मेहकरहून एस.टी.ने बीबीला गेले. पत्र लिहिता आलं असतं. पण समोर जाऊन सांगावं असं त्यांना वाटलं.

मोतीराम तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. बीबीच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरची मळ्याची शेती, कांदा, मिरची, वांगी. सामने असले की बिनपगारी रजा टाकून जायचा. नारायणराव गेले तेव्हा तो मळ्यात वाफ्यांना पाणी देत होता. त्याने फावडं ठेवलं, हात धुतले आणि मोटेच्या धावेजवळ बाज टाकून दिली.

"बसा सर. रेडिओ ऐकला म्या."

"ते सांगायलाच आलोय. तुझ्या नावावर चर्चा झाली. शेवटच्या जागेसाठी."

मोतीरामची बायको सोजराबाई चहा घेऊन आली होती. ती तिथंच थांबली.

"मत घेतलं?" मोतीरामने विचारलं.

"घेतलं."

"तुमी कोनाले देल्लं?"

असलं बाहेर सांगायचं नसतं. पण ते सांगायचं नव्हतं तर इथवर यायलाही नको होतं.

"तुला नाही दिलं," नारायणराव म्हणाले. मग त्यांनी बैठकीत सांगितलेलं कारण पुन्हा सांगितलं, मॅटचं आणि टर्फचं.

मोतीरामने वाफ्याकडे पाहिलं. पाणी फुटून बाजूच्या सरीत चाललं होतं, पण तो उठला नाही.

"सर, मले टर्फवर टाकतांनी पाह्यलं का तुमी? एकडाव तरी?"

नारायणरावांनी आठवून पाहिलं. ते स्वतः विदर्भाचे कप्तान असताना सगळे सामने मॅटवर झाले होते. पुढे बाहेरगावी टर्फवर दोन सामने होते, पण त्यातल्या एकात मोतीरामला घेतलं नव्हतं आणि दुसरा पावसाने गेला होता.

"नाही," ते म्हणाले.

"मंग कसं सांगतलं?"

नारायणरावांनी चहा संपवला. जाताना मोतीराम स्टँडवर पोचवायला आला, एस.टी. हलेपर्यंत उभा राहिला. वाटेत दोघांचं बोलणं झालं ते कांद्याचं.

सोजराबाईने त्या दिवशी नवऱ्याला विचारलं, "येवढे मोठे सर, घरी येऊन सांगून गेले. तुमी काऊन असं आडवं बोल्ले?"

"आडवं नाई बोल्लो. विचारलं," मोतीराम म्हणाला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा त्याने विहिरीजवळचा एक पट्टा मोजून घेतला. बावीस यार्ड लांब आणि दोन्ही टोकांना पळण्यापुरती जागा. वरची माती हातभर खोल काढून टाकली. तळ्यातला गाळ बैलगाडीने आणला, चाळला, थर देऊन पसरला, पाणी मारून ठोकला. रस्त्याच्या कामावरचा दगडी रूळ ओळखीच्या मुकादमाकडून आठ दिवसांसाठी मिळवला. खेळपट्टी कशी करतात ते त्याने नागपूरच्या मैदानावरच्या माळ्याला विचारून वहीत लिहून आणलं होतं. मातीला धरून ठेवायला वर गवत लागतं, आणि त्याला सगळ्यात चांगली हरळी, असं त्या माळ्याने सांगितलं होतं.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर मोतीराम बांधावरून हरळीच्या काड्या उपटून आणून त्या पट्ट्यात बोटाबोटाच्या अंतराने लावायला लागला. त्याचा बाप पुंजाजी बघत उभा होता. आख्खा जन्म त्याने मळ्यातली हरळी कुदळीने खणून काढण्यात घालवला होता. एक काडी राहिली तरी वाफा खाते, हे त्यानेच मोतीरामला शिकवलं होतं.

"जिनगानीभर हरळी खांदली म्या," पुंजाजी म्हणाला, "अन् हा लावून राह्यला. मास्तरकी करून डोकं गेलं याचं."

"बाबा, येवढ्यातच लावतो. बाहीर नाई जाऊ देत."

"तिले तू सांगशीन अन् ते आयकीन?"

गावातही हसू झालं. लोक मुद्दाम मळ्यावरून जायचे. पण पुंजाजीने त्याच आठवड्यात पट्ट्याभोवती गुडघाभर खोल चर खणून दिला, हरळीची मुळं पलीकडे जाऊ नयेत म्हणून. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मोतीराम शाळेतून आला तेव्हा चर तयार होता.

दसऱ्याच्या आधी नारायणरावांना कार्ड आलं. 'पट्टी झाली. बॅट, पॅड घेऊन यावे.' एवढाच मजकूर.

नारायणराव पंचेचाळिशीला आले होते. खेळणं सोडून पाच वर्षं झाली होती. तरी ते आले. मेहकरच्या घरून जुने पॅड काढून झटकून आणले होते. मळ्यात गेल्यावर ते पट्टा बघून थांबले. वाकून त्यांनी अंगठ्याने माती दाबून पाहिली. गवत बारीक कापलेलं होतं आणि त्याखाली माती काचेसारखी घट्ट बसली होती.

"हे तू एकट्याने केलंस?"

"बाबानं चर खांदला."

पुंजाजी विहिरीवर बसला होता, त्याने तोंड फिरवलं.

मोतीरामने तासभर चेंडू टाकले. नारायणराव पहिली दहा मिनिटं चाचपडले, मग त्यांचे पाय हलायला लागले. चेंडू टप्पा पडून सरळ येत होता. मॅटवर जो छातीपर्यंत उसळून बाहेर जायचा, तोच इथे मांडीच्या उंचीने बॅटवर येत होता. नारायणरावांनी तो कधी मागे जाऊन कापला, कधी पुढे येऊन वाफ्यांवरून मारला. मिरचीत गेलेले चेंडू सोजराबाईने सात वेळा काढून दिले. आठव्या वेळी मोतीराम स्वतः गेला आणि चेंडू हातात घेऊन परत चालत आला.

"तुमचं बरोबर होतं सर," तो म्हणाला. "नाई वळत."

नारायणरावांनी ग्लोव्हज काढले. हे ऐकायला आपल्याला आवडेल, असं त्यांना वर्षभर कधीकधी वाटलं होतं. आता ऐकलं तर आवडलं नाही.

"बरोबर होतं, पण न बघता बोललो होतो," ते म्हणाले. "ते बरोबर नव्हतं."

मोतीरामने चेंडूवरची माती पुसली.

"मॅटवर तू चेंडू ढकलतोस. तिथे चालतं, मॅटच काम करते. इथे तुला करावं लागेल. हळू टाक. वर टाक. फलंदाजाच्या डोळ्यांच्या वर गेला पाहिजे."

"वर टाकला त मारतीन."

"मारतील. मारू दे."

त्या संध्याकाळी त्याने वर टाकलेले चेंडू नारायणरावांनी सगळे मारले. पण जाताना ते आपले पॅड मळ्यातच ठेवून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत ते मेहकरला आठ दिवस राहिले आणि रोज सकाळच्या एस.टी.ने बीबीला येत राहिले. मधल्या दिवसांत मोतीराम शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर एकटाच टाकत होता. टप्प्याच्या जागी जुनं धोतर अंथरायचा, टप्पा त्यावर पडला की नाही ते बघायचा. सोजराबाईने धोतर तीनदा ठिगळ लावून दिलं. चेंडू आता हातातून सावकाश सुटत होता आणि खाली येताना एकदम पडल्यासारखा पडत होता. दिवाळीतल्या चौथ्या दिवशी नारायणराव पुढे आले, बॅट फिरवली आणि चेंडू बॅट आणि पॅड यांच्यामधून न जाता बाहेरच्या बाजूने वळून यष्टीवर आदळला. नारायणरावांनी यष्टी उभी केली आणि पुन्हा पवित्रा घेतला. त्या दिवशी ते आणखी दोनदा असेच गेले, आणि अकरा वेळा त्यांनी चेंडू विहिरीपलीकडे मारला.

डिसेंबरात कानपूरला टर्फवर विदर्भाचा सामना झाला. मोतीरामने पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्या डावात दोन बळी घेतले. महिन्याच्या शेवटी निवड समिती दिल्लीला बसली. पुन्हा एक परदेशी संघ येणार होता आणि पुन्हा एका फिरकी गोलंदाजाची जागा शिल्लक होती.

या वेळी मोतीरामचं नाव नारायणरावांनीच मांडलं.

अध्यक्ष म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्हीच याला नको म्हणालात."

"म्हणालो होतो. तेव्हा टर्फवर त्याला पाहिलं नव्हतं. आता त्याला खेळलोय."

"तुम्ही खेळलात?" एक सभासद हसला.

"हो. बाद झालो." नारायणरावही हसले नाहीत असं नाही. मग त्यांनी चेंडू कसा पडतो, कुठे वळतो, ते कागदावर काढून दाखवलं. गणिताच्या तासाला दाखवत तसं.

"वय काय आता?" अध्यक्षांनी विचारलं.

"चौतीस."

दुसरं नाव दक्षिणेतल्या एका बावीस वर्षांच्या मुलाचं होतं. मुलगा चांगला होता, हे नारायणरावांनाही मान्य होतं. मत झालं. तीन विरुद्ध दोन. मुलगा आला.

नारायणराव परत बीबीला गेले. शाळा सुटायची वेळ होती. मोतीराम ओट्यावर उभा राहून पोरांना रांगेत सोडत होता. नारायणराव दिसले तसा तो खाली आला. त्यांच्या तोंडावरून त्याला कळलं असावं.

"किती पडले?"

"दोन."

"एक तुमचं?"

"हो."

"दुसरं कोनाचं?"

"कलकत्त्याचे आहेत एक. गेल्या वर्षीही त्यांनी तुलाच दिलं होतं."

"त्याइले माह्या नमस्कार सांगजा," मोतीराम म्हणाला. मग विचारलं, "ज्याले घेतलं तो कसा हाय?"

"चांगला आहे. तुझ्यापेक्षा जास्त वर टाकतो."

"मंग ठीक हाय. चला, जेवून जा."

गेल्या वर्षी मी हात वर केला असता तर बाकीचे दोघंही माझ्यामागे आले असते, हे नारायणराव जेवताना बोलले. बोलायचं ठरवून आले नव्हते. सोजराबाई भाकरी वाढत होती, तिचा हात थांबला.

मोतीरामने घास संपवला. "गेल्या साली मले टाकता येत नोतं सर," तो म्हणाला. "गेलो असतो अन् वापस आलो असतो. हे शिकलोच नसतो." हे त्याने समजूत घालायला म्हटलं की खरंच तसं वाटत होतं म्हणून, हे नारायणरावांना पुढेही कधी कळलं नाही.

जानेवारीत परदेशी संघाचा एक तीन दिवसांचा सामना मध्य विभागाशी नागपूरला होता. त्या संघात मोतीराम होता. पुंजाजी आणि सोजराबाई आदल्या दिवशी निघून आले आणि शामियान्याशेजारच्या बाकांवर तिन्ही दिवस बसले. पुंजाजीला खेळातलं फारसं कळत नव्हतं. मैदान केवढं आहे आणि त्यावर सगळीकडे हरळी ठेवली आहे, हे तो पहिल्या दिवशी चारचौघांना दाखवत होता.

मोतीरामने एकतीस षटकं टाकली. अडुसष्ट धावा गेल्या, दोन बळी मिळाले. एक पायचीत, एक यष्टिचीत. परदेशी संघाच्या कप्तानाने त्याला तासभर खेळून काढलं, तीनदा उचलून मारलं आणि शेवटपर्यंत बाद झाला नाही.

सामना संपल्यावर नारायणराव त्याला शोधत गेले. तो शामियान्याच्या मागे पायऱ्यांवर बसून बूट सोडत होता. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची कातडी फाटली होती.

"तो कप्तान पाह्यला सर?" मोतीराम म्हणाला. "किती उशिरा खेळते चेंडू. म्या सहा परकारानं टाकून पाह्यलं, त्यानं सहाई वळखले. सातवा सुचलाच नाई."

"वाईट वाटलं?"

"नाई हो." त्याने बुटातली माती झटकली. "लय मजा आली."

पुंजाजी आणि सोजराबाई पायऱ्यांपाशी येऊन उभे होते. बीबीची बस सुटायला पाऊण तास होता.