शेंदेलोणाचं पथ्य

तात्यांना गप्प बसणं म्हणजे शिक्षा, आणि डॉक्टर गुरुसिद्धप्पांचा पहिला हुकूम नेमका तोच असायचा. "दंडाला पट्टी बांधली की तोंड बंद," ते नळदुर्गकडच्या कानडी हेलात म्हणायचे. "आधी घटकाभर स्वस्थ बसा. आत्ता देवळाच्या पायऱ्या चढून आलात. लगेच मोजला तर पारा तुमचं सांगणार नाही, पायऱ्यांचं सांगेल."

तुळजापुरात ती रक्तदाब मोजायची पेटी तेव्हा नवीनच होती. निजाम जाऊन दहाएक वर्षं झाली होती, सोलापूरहून यात्रेकरूंच्या मोटारी भरभरून येत होत्या, पण काचेच्या नळीतला पारा बघून माणसाचं आयुष्य सांगायचं म्हणजे जरा अतीच झालं, असं लोकांना वाटे. तात्या देवीचे पुजारी. पहिल्या वेळी पारा एकशेनव्वदच्या वर निघाला, तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, नेला नाही. त्यांचे सासरे, म्हणजे तात्यांचे वडील, पन्नाशीत पूजेच्या पाटावरच लकवा होऊन कोसळले होते. वाकड्या झालेल्या त्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचं काम महिनाभर या नव्या सुनेनंच केलं होतं. तात्यांना आता पन्नासावं लागलं होतं. पारा उतरला नाही तर हेही तसेच जाणार, एवढंच बाईंना कळलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं, सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, "पारा असाच राहिला तर नवरात्रातली पूजेची पाळी भावाला द्या." तात्यांना लकव्यापेक्षा हेच जास्त लागलं.

घरी येऊन बाईंनी मिठाची बरणी माळ्यावर टाकली, आणि त्या दिवसापासून सगळं घर शेंदेलोणावर, म्हणजे सैंधवावर आलं. आता तुम्हीच सांगा, यात त्या माउलीचं काय चुकलं? उपासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. आजेसासूपासून हेच चालत आलेलं. देवीला जे मीठ वाटत नाही, ते डॉक्टरांना कशाला वाटावं? त्या तांबूस खडा कुटायच्या आणि आमटीत सढळ हातानं घालायच्या, कारण तो जरा कमी खारट लागतो. तात्यांनाही त्यात वावगं दिसलं नाही. उलट भेटेल त्याला ते अभिमानानं सांगायचे, "मिठाला शिवत नाही मी."

पण पथ्यावर सगळा हवाला ठेवायला बाईंचा जीव धजेना. त्या देवीला नवस बोलल्या, की यांचा पारा उतरेपर्यंत मी मीठ खाणार नाही आणि शेंदेलोणही खाणार नाही. त्यातून मंगळवारचा कडक उपास होताच. हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. शेंदेलोण घालायच्या आधी त्या आपल्यापुरती वाटीभर आमटी बाजूला काढून ठेवायच्या, आणि घरादाराची जेवणं झाल्यावर चुलीपाशी एकट्या जेवायला बसायच्या. बायकोच्या ताटात काय आहे ते बघायची आपल्याकडं रीत कुठाय?

चैत्र गेला, वैशाख गेला, पारा जागचा हलेना. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "मीठ?" तात्या गळ्याला हात लावून शपथ घ्यायचे. मग डॉक्टर गोळ्या वाढवायचे. त्या गोळ्यांनी तात्यांचं नाक चोंदलं आणि बोलणं आटलं. यात्रेकरू दारात येऊन उभे राहायचे आणि तात्या भिंतीकडं तोंड करून पडलेले. एकदा भरल्या ताटावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. उगीच."

म्हणून आषाढात त्या पहिल्यांदाच तात्यांबरोबर दवाखान्यात गेल्या. पारा पुन्हा वरच निघाला. डॉक्टर गोळी वाढवायचं बोलले, तशा बाई नको म्हणायला तटकन उठल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत धरून त्या खाली बसल्या.

डॉक्टरांनी पट्टी त्यांच्याच दंडाला बांधली, रबरी फुगा दाबला, कोपरापाशी नळी धरून ठोके ऐकले. मग पुन्हा एकदा ऐकले. "बाई, यांचा दाब उतरत नाही आणि तुमचा तर तळाला गेलाय. खाता काय तुम्ही?"

नवऱ्यासमोर सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. "अळणी खाते. नवस आहे."

"आणि तात्यांच्या ताटात?"

"त्यांना शेंदेलोण असतं. मीठ नाही."

डॉक्टरांनी कानातल्या नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. ते रागावले नाहीत. "बाई, शेंदेलोण हे मीठच. देवीला चालत असेल, रक्ताला चालत नाही."

सत्यभामाबाईंनी तात्यांकडं पाहिलं. "म्हणजे मीच यांना एवढे दिवस..."

"मलाही विचारायला सुचलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आता यांचं शेंदेलोणही बंद, मग गोळ्या हळूहळू कमी करू. ही उदासी त्या गोळ्यांचीच आहे. आणि तुम्ही आजपासून मीठ खायचं."

पुढं भाद्रपदात पारा उतरला आणि नवरात्रातली तात्यांची पाळी चुकली नाही. पण सत्यभामाबाईंना आठवायचं ते दवाखान्यातून परतल्या दिवशीचं जेवण.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, नवस मोडला तर देवी कोपेल. तुमच्यावर कोपेल."

तात्या किती दिवसांनी एवढं बोलले. "गावोगावच्या लोकांचे नवस मी देवीपुढं सोडवले. तुझा सोडवायला परका पुजारी आणू काय? बस."

आपल्या पाटावर त्यांनी बायकोला बसवलं, माळ्यावरची बरणी काढली आणि तिच्या ताटात डावीकडं स्वतःच्या हातानं मीठ वाढलं. त्या खाली मान घालून जेवल्या. पहिल्याच घासाला जिभेला मीठ झोंबलं आणि त्या रडायला लागल्या.

मग तात्यांनी तिची रोजची वाटी पुढं ओढली, तीच अळणी आमटी भाकरीवर घेतली आणि घास तोंडात घातला. तो त्यांच्या तोंडातच फिरत राहिला.

"हे तू चैत्रापासून खातेस?"

बाईंनी मान हलवली. तात्यांनी घास गिळला आणि पुढचा घेतला.