रवळनाथ मागच्या सीटवर

विनीतने सेकंडहँड स्पोर्ट्‌स बाईक घेतली तेव्हा घोडपदेवच्या आमच्या चाळीत सगळ्यात आधी दर्शनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यात सामान कुठे ठेवायचं?"

"ही सामानाची गाडी नाही गं."

"मग तुझा डबा काय डोक्यावर नेणार? एक काकडी ठेवायला जागा नाही हिच्यात."

खरंच नव्हती. समोर टाकी, तिच्यावर माणसाने पालथं पडायचं आणि मागे शेपूट वर. शर्यतीच्या मैदानात असा आकार शोभतो. विनीतला जायचं होतं वरळीच्या ऑफिसात, लॅपटॉप, डबा, रेनकोट आणि बदलायचे बूट घेऊन. पाठीवर सॅक घेतली तर वाकून वाकून कंबर धरायची. दर्शनाने जुन्या जीन्सची पिशवी शिवून दिली. तिला स्पीकरमधली लोहचुंबकं लावून विनीतने ती टाकीवर चिकटवली. भायखळ्याच्या पुलावर ब्रेक मारल्याबरोबर ती चुंबकासकट पुढच्या टॅक्सीखाली गेली. मग रेक्झिनची बॅग बाजूला टांगली. तिचा तळ सायलेन्सरला टेकला आणि रेनकोट वितळून मटकीच्या उसळीत मिसळला. शेजाऱ्यांना चार दिवस विषय मिळाला. "काय विनीत, आज डब्यात रेनकोट की रेनकोटात डबा?"

तेव्हा त्याने ठरवलं की मागची सीट काढून तिथे पट्ट्यांचा रॅक बसवायचा आणि त्यावर घट्ट झाकणाची पेटी लावायची. सीटवर बसण्याचा हक्क दर्शनाचा होता, पण तो तिने आधीच सोडला होता. "त्या उंचवट्यावर बसून वानरासारखं चिकटण्यापेक्षा मी बसने जाईन," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

रॅक झाला. पेटीचं काय?

पेट्या चाळीतच होत्या, दुसऱ्या मजल्यावर, आंबेखोल ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत. मिलच्या काळात गावचे पुरुष तिथे राहायचे, आळीपाळीने झोपायचे आणि प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी भिंतीला लागून असायची. तिथला कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडलाही नव्हता. ज्याची पेटी, त्याची जागा. माणूस वर्षानुवर्षं गावी राहिला तरी पेटी असेपर्यंत तो खोलीचा. पेटी नसलेला माणूस पाहुणा, आणि पाहुण्याला तीन रात्री. एखाद्याला गावाने वाळीत टाकलं तर त्याच्याशी भांडत बसायचे नाहीत. त्याची पेटी भिंतीपासून काढायचे. तो यायचा, बघायचा आणि समजून निघून जायचा. कारण विचारायचं नाही, हासुद्धा कायद्याचाच भाग.

आता खोलीत कायमचा एकटा रामजी, मंडळाचा अध्यक्ष, आणि तोही निम्मा वेळ गावी. किल्ली विनीतकडे असायची, कारण तो याच चाळीत राहतो आणि पोरगा सरळ आहे असं सगळ्यांचं मत.

या सरळ पोराने एका रविवारी कोपऱ्यातली एक पेटी उचलली. पत्रा जुन्या काळचा, जाड, बोटाने वाजवला तर घंटेसारखा. कुलूप नाही. आत घोंगडी, पितळी तांब्या, टाळांची जोडी. हे सगळं त्याने पिशवीत भरून माळ्यावर नीट ठेवलं. चोर सामान नेतो आणि पेटी टाकतो, आपण उलट केलं, म्हणजे चोरी झाली नाही, असा काहीतरी हिशेब त्याने मनात मांडला असावा. रिकाम्या जागेवर मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्या.

"कोणाची रे?" दर्शनाने गच्चीवर विचारलं.

"बेवारस."

"गावच्या खोलीत बेवारस काय असतं?"

ग्राइंडर सुरू झाल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. पेटी मधून कापली, कडा वळवून रिव्हेट मारले, झाकणाला रबरी पट्टी आणि नवं लॉक लावलं आणि बाहेरून काळ्या रंगाचा स्प्रे मारला. मात्र झाकणाच्या आत रवळनाथाचं जुनं चित्र चिकटवलेलं होतं, गावच्या देवाचं. ते खरवडायला त्याचा हात धजेना. तेवढं तसंच राहिलं. पेटी गाडीवर चढली आणि इतकी झकास बसली की वरळीच्या पार्किंगमध्ये लोक विचारायला लागले, कुठल्या कंपनीची. विनीत म्हणायचा, "कस्टम आहे."

मग एका संध्याकाळी धोंडूतात्या आले.

तात्या मिलमधले जुने, आता गावी भातशेती आणि थोडी काजूची झाडं. डॉक्टरांनी परळच्या इस्पितळात पाठवलं होतं, रोज लाईट घ्यायला, म्हणजे रेडिएशनला. काही आठवडे तरी मुंबईत काढायचे होते. रामजी जत्रेच्या तयारीसाठी गावी गेलेला. विनीतने कुलूप उघडलं. तात्या उंबऱ्यातच थांबले. त्यांची नजर भिंतीच्या कडेकडेने सरकत गेली आणि खुर्च्यांवर येऊन थांबली.

खुर्च्यांकडे एवढा वेळ कोणी बघत नाही. विनीतला तेव्हा कळलं, पेटी कोणाची होती ते.

"रामजी नाय?"

"जत्रेला गेलेत. तात्या, आत या ना. तिथे झोपा, पंख्याखाली."

तात्यांनी पिशवी आत नेली नाही. उंबऱ्याजवळ, चपलांच्या बाजूला ठेवली. "बरा," ते म्हणाले. "तीन रात्री रवतंय. मगे बघूया."

विनीतच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. तात्यांनी पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत ते वाक्य गिळलं गेलं. घरी दर्शनाने त्याचं तोंड बघून ओळखलं.

"त्यांचीच ना ती?"

"मी नवी आणून ठेवतो. लालबागला मिळतात."

"नवी कोरी पेटी बघून काय वाटेल त्यांना? अरे, जाऊन सांग. म्हातारा माणूस आहे, चार शिव्या देईल."

चार शिव्यांची भीती नव्हती. किल्ली कोणाकडे असते हे सगळ्या गावाला माहीत होतं, भीती त्याची होती. विनीत उद्या सांगू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. चौथ्या सकाळी तात्यांनी खोली झाडून घेतली, खोलीतला प्यायचा तांब्या धुऊन पालथा घातला आणि किल्ली आणून दिली. "वडाळ्याक मेव्हणो आसा माझो. थयसर जातंय."

विनीतला बरं वाटलं. हे लिहायला नको, पण वाटलं. मेव्हण्याचं घर म्हणजे पंखा, गरम जेवण, माणसांचा सहवास. तात्यांचं उलट चांगलंच झालं असं त्याने दर्शनाला पटवायचा प्रयत्न केला. ती भांडी घासत राहिली.

पुढच्या आठवड्यात वरळीला जाताना परळच्या सिग्नलला गाडी थांबली. इस्पितळाच्या फुटपाथवर निळ्या प्लास्टिकखाली पेशंट आणि त्यांची माणसं बसलेली असतात, रोजचंच दृश्य, कोणी मान वळवत नाही. विनीतने वळवली. तात्या भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर एक्स-रेची मोठी पिशवी.

त्याने गाडी कडेला घेतली. "तात्या? वडाळ्याला होतात ना?"

तात्या ओशाळले. "मेव्हणो खयचो, बाबा. गावाक सांगू नको हां."

"अहो पण खोली आहे ना आपली!"

"पाहुण्यान किती दिवस रवाचा?" ते हळू बोलत होते, बाजूच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "माझी पेटी काढल्यानी ती बरोबरच केल्यानी. शिमग्यात पालखी पयली कोणाच्या दारात नेवची, त्यावरना मी भावकीच्या विरोधात बोललंय. इतकी वर्सा कोण काय बोलूक नाय. माका वाटला, इसारले. गाव इसारणा नाय." मग त्यांनी विनीतच्या मनगटावर हात ठेवला. "तू रामजीक सांग, धोंडू माफी मागता. पेटी नको माका. नुसती पाठ टेकूक जागा होयी."

विनीत हेल्मेटचा पट्टा सोडून परत लावत राहिला.

"आणि एक काम कर," तात्या एक्स-रेची पिशवी पुढे करत म्हणाले. "हे कागद तुझ्या त्या डब्यात ठेव. बरो घट्ट दिसता. हयसर भिजतत."

डबा उघडला असता तर झाकणातून रवळनाथ समोर आला असता.

"लॉक बिघडलंय तात्या," विनीत म्हणाला. "उघडत नाही."

"असांदे, असांदे. जा तू, उशीर होतलो."

तो गेला. त्या दिवशी ऑफिसात त्याने डबा खाल्ला नाही. खाण्यासाठी झाकण उघडावं लागलं असतं. दुपारभर तो कॅन्टीनच्या खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिला. लोक त्या पेटीवर हेल्मेट टेकवून गप्पा मारत होते. एक म्हातारा माणूस त्याच्यामुळे रस्त्यावर होता, एवढंच असतं तर पैसे देऊन, लॉजवर ठेवून निभावलं असतं. पण तो माणूस उलट स्वतःच माफी मागत होता, गावाने न केलेल्या शिक्षेला बरोबर म्हणत होता.

संध्याकाळी गाडी फुटपाथला लावून तो काही न बोलता मागे गेला आणि त्याने किल्ली फिरवली.

तात्यांनी आधी देवाला नमस्कार केला, सवयीने. मग हात तसाच राहिला. त्यांनी झाकणाच्या आतली कड बोटाने चाचपली.

"ही... माझी पेटी मां?"

"हो."

"अशी कशी झाली?"

"मी कापली. बेवारस समजून घेतली. म्हणजे... समजून नाही. विचारलंच नाही कोणाला."

"रामजीन सांगल्यान?"

"नाही. त्यांना माहीतच नाही."

"भावकीक?"

"कोणालाच नाही, तात्या. तुम्हाला कोणी काढलं नाही. मी चोरली."

विनीत मान खाली घालून थांबला. थप्पड बसली असती तर त्याचं निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं. त्याऐवजी त्याला हसू ऐकू आलं, आधी खोकल्यासारखं, मग मोकळं. तात्यांनी खिशातून फोन काढला आणि गावी बायकोला लावला.

"अगो मालन! गावान काढूक नाय गो! चोरल्यान! माझी पेटी चोरल्यान!"

निळ्या प्लास्टिकखालची सगळी डोकी वळली.

"कोणी?" पलीकडून बाईचा आवाज.

"आपल्या गोपाळाच्या झिलान, विनीतान! कापून गाडयेक लावल्यान!" एवढ्या आनंदाने कोणी चोराचं नाव घेतलेलं त्या फुटपाथने ऐकलं नसेल. मालनकाकू पलीकडे रडत होती आणि "रवळनाथान इज्जत राखली" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाजूच्या सोलापूरच्या पेशंटला तात्यांनी समजावून सांगितलं, "हो बघा चोर. आमच्याच गावचो," आणि विनीतच्या पाठीवर हात ठेवला. विनीतला हळू बोला म्हणायचं होतं. तेवढाही अधिकार उरला नव्हता.

"पिशवी घ्या तात्या, घरी चला. माझ्याकडे."

"तुझ्याकडे कित्याक? खोलयेत माझी जागा आसा." ते उठले, लेंगा झटकला. मग विनीतच्या खिशातल्या फोनकडे बोट केलं. "पण पयलो रामजीक फोन लाव. तूच सांग. आणि स्पीकरवर घाल, माका आयकाचा आसा."

विनीतने नंबर लावला. तात्या कान पुढे करून उभे राहिले, बाजूची मंडळीही सरकून जवळ आली. रिंग वाजत राहिली.

"हां विनीत, बोल रे बाबा," रामजी जत्रेच्या गोंगाटातून ओरडला. "खोली ठीक हा ना?"

"खोली ठीक आहे, काका," विनीत म्हणाला. "किल्ली मात्र आता माझ्याकडे ठेवू नका."