जंगूचा भार

ताराचंदशेठच्या लाल गाडीचं इंजिन मागे होतं आणि सामानाची पेटी पुढे. गाडी बंद पडली की गर्दी नेहमी चुकीच्या टोकाला जमायची.

हिंगणीच्या रस्त्यावर एक डावं वळण आहे. तिथे शेठ स्टिअरिंग डावीकडे फिरवायचे, चाकंही डावीकडे वळायची, आणि गाडी सरळ जायची. सरळ म्हणजे पुनाजीच्या अंगणात. आधी कुंपण गेलं, मग कोंबड्यांचं खुराडं. आता नंबर झोपडीचा होता, आणि आत पुनाजीची बायको सखू गुडघे धरून खाटेवर पडलेली. तिला पळता येत नव्हतं.

मी गॅरेजातला फिटर. शेजारी बसून पाहिलं. शेठ वळणातही रेस दाबून ठेवत. सगळं वजन मागे, नाक हलकं. पुढच्या चाकांची रस्त्याशी फक्त तोंडओळख होती.

"पुढे वजन टाकू," मी म्हणालो. "आणि वळणाआधी रेस सोडा."

"रेस सोडाले गाडी घेतली काय मी?"

मग उरलं वजन. वळणावरच दगडांचा ढीग होता. मी पेटी भरू लागलो.

"ते जंगूचे हायेत, भाऊ," पुनाजी म्हणाला. जंगू त्याचा धाकटा भाऊ. भर पावसात घोंगडी पांघरून पायी येताना इथंच वीज पडून गेला. "येणारा-जाणारा एक दगड ठेवते. शेठ थांबत नाई, म्हणून तो बलावून राह्यला त्याईले."

"बलावत असंल. पण नाकही हलकं आहे."

दगड भरले आणि गाडी गुमान वळली. शेठनं मला पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी सखूचा निरोप आला: दगड परत ठेव, नाई तं खाट रस्त्यात टाकीन.

"काकू, दगड काढले तर गाडी तुमच्या अंगावर येईल," मी जाऊन सांगितलं.

"येऊ दे. त्याच्या अंगावरचं पांघरून काऊन नेलं तुनं?"

यावर गॅरेजात काही शिकवत नाहीत. मी सगळे दगड परत रचले. पेटी रिकामी झाली, पण नाक वर आलं नाही. स्प्रिंगा तपासल्या, ठीक होत्या. पेटीत हात फिरवला. भर उन्हात पत्रा गार होता, आणि ओल्या घोंगडीचा वास येत होता.

रिकाम्या पेटीनं वळून पाहतो म्हणत शेठ गाडी घेऊन मागे गेले आणि वेगानं आले. पुनाजी दारात आडवा उभा राहिला, जणू गाडी त्याला वळसा घालून जाणार होती. वळणाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज उतरला, नाक खाली गेलं, आणि गाडी अलगद डावीकडे निघून गेली.

"बसला काय तो?" आतून सखूनं विचारलं.

"बसला," पुनाजी म्हणाला.

"बरं झालं. किती दिवस पायी चालंल."

शेठ पुढे जाऊन थांबले होते. मी त्यांना गाठलं तेव्हा ते स्टिअरिंग धरून समोर बघत होते.

"रेस सोडली तुम्ही," मी म्हणालो.

"पेटीचं झाकण आतून कोणी ठोकलं तं तू सोडशीन का नाई?"

मी झाकण तपासलं. कडी बाहेरून नीट लागलेली होती. शेठ उतरले, रस्त्याकडेचा एक दगड उचलला, आणि वळणाकडे पायी निघाले.