मेन स्विच

बाबांनी फिटरच्या हातातून पक्कड काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"ही वायर इथे लागणार नाही."

गच्चीवर सोलरची पॅनेलं चढली होती, जिन्याखाली बॅटरी बसली होती. राहिली होती ती बॅटरी घराच्या लाइनला जोडणारी एवढी एकच वायर. मुलीने भरतकामाच्या मशीनमधून एक गणवेश ओढून काढला आणि बापाच्या पुढ्यात आपटला. खिशावर शाळेचं अर्धंच चिन्ह, मधोमध दोऱ्याचा गुंता.

"सकाळपासूनचा हा तिसरा. लाइट जाते, सुई मध्येच थांबते, कापड वाया. सोमवारी माल गेला नाही तर शाळा काम दुसऱ्याला देणार आहे. तुमचं काय बिघडतंय?"

"मी सोलरला नको म्हटलंय का?"

"तोंडाने नाही म्हटलं. महिनाभर नाक मुरडताय. तीस वर्षं वायरमन होतात, म्हणून घरात तुमच्याच कंपनीची वीज हवी!"

"तुझा सूर्य चार दिवस ढगात रजेवर गेला, की माझीच कंपनी लागेल."

फिटर मध्ये पडला. "काका, साधी गोष्ट आहे. लाइट गेली की ताईंनी हाताने मेन स्विच पाडायचा आणि मग बॅटरी चालू करायची. आपोआप बदलणारा स्विच मागवला तर आठवडा जाईल. आम्ही बऱ्याच ठिकाणी असंच करून देतो."

"आणि पाडायला विसरली तर?" बाबांचा आवाज चढला. "तुझ्या बॅटरीची वीज उलटी बाहेर जाते, शहाण्या. बाहेर खांबावर कोणीतरी चढलेला असतो. त्याला वाटतं, तारेत काही नाही."

त्यांनी उजवा पंजा फिटरच्या नाकासमोर धरला. त्यात दोन बोटं नव्हती.

"त्या वेळी कोणीतरी जनरेटर लावून ठेवला, त्याची शिक्षा मला कशाला?" मुलगी म्हणाली. "मी काय इतकी वेंधळी आहे?"

"वेंधळी मीही नव्हते."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात कधीच कोरडे झाले होते, तरी फडक्याला पुसत होती.

"आपलाच जनरेटर होता तो. मेन स्विच पाडायचा राहिला. मालिकेचा शेवटचा भाग होता, त्या घाईत."

फिटर खाली बसला आणि एकदा गोळा केलेले स्क्रू पुन्हा गोळा करू लागला.

बाबा वळले नाहीत. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "दणका बसला तेव्हा मान फिरली. सगळी गल्ली अंधारात, आणि आपल्या खिडकीत टीव्ही."

"एकवीस वर्षं बोलला नाहीत."

"रोज वाटायचं बोलावं. चांगलं फैलावर घ्यावं." आता ते वळले. "शेवट तरी बघितलास का?"

"नाही. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला."

मुलगी बापाकडे बघत राहिली, मग आईकडे. राग अजून होता तेवढाच होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. शेवटी तिने तो फिटरवर काढला.

"तो स्विच मागवा. आपोआप बदलणारा."

"पण ताई, आठवडा जाईल. तुमचा सोमवार—"

"आठवड्यात दिवस किती असतात ते कळतं मला!" ती ओरडली आणि फोनमध्ये शाळेचा नंबर शोधू लागली.