साळुंकीचा धडा

शाळेच्या दर्शनी भिंतीवर विरुपाक्ष हेडसरांनी पेंटरकडून हातभर अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'शंभर टक्के मुलं वाचणारी शाळा'. श्रीदेवीबाईंना त्या भिंतीजवळनं आत जाताना रोज शिसारी यायची. त्यांच्याच चौथीच्या वर्गातल्या निकिताला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

पोरगी ढ होती म्हणाल तर अजिबात न्हाय. तोंडी हिशेबात भल्याभल्यांना पाणी पाजायची, एकदा ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगायची. पुस्तक उघडलं की मात्र अक्षरं तिच्या हाती लागायची नाहीत. अशा लेकरांना शिकवायची रीत वेगळी असते आणि ती जाणणारे विशेष शिक्षक कळंबच्या केंद्रात असतात. हिचं नाव तिकडं पाठवू या, म्हणून बाईंनी हेडसरांच्या लई मिनतवाऱ्या केल्या. हेडसर सुपारी कातरत म्हणायचे, मग भिंत पुसायची का?

वर त्यांनी अक्कल चालवली ती बघा. साळुंकीचा एक धडा निकिताकडून घोटून पाठ करून घेतला. साहेब आले, सरपंच आले की हिलाच उभी करायची. पोरगी पुस्तक धरून, ओळींवरनं बोट फिरवत घडाघडा म्हणायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या तिच्या बापाच्या, महारुद्रच्या कानावर गेल्या. त्यानं हौसेनं घरी पेपर पुढं धरला तर पोरगी मुकी. शाळेत वाचती आन् बापापुढं नाटकं करती व्हय, म्हणून त्यानं थोबाडीत दिली. मग ते नेहमीचंच झालं. गालावरचे वळ बाईंनी हेडसरांना दाखवले, तर ते म्हणाले की बाप आहे, मारायचाच. लाज कशाशी खातात हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी बाईंनी परस्पर कळंबला फोन लावला. विशेष शिक्षक शंभुलिंग सर आले, तर हेडसरांनी चहा पाजून आपणहून निकिताला पुढं केलं. झाला साळुंकीचा धडा सुरू. 'रानातल्या विहिरीवर एक साळुंकी राहायची...' एक शब्द इकडचा तिकडं न्हाय. शंभुलिंग सर म्हणाले, छान वाचते की ही, आणि पिशवी उचलून निघालेच.

सर असेच गेले असते तर पोरगी जन्मभर मार खात बसली असती. बाई पुढं झाल्या, पानाच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "निकिता, इथनं वाच."

निकितानं बोटाकडं पाहिलं, बाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "रानातल्या विहिरीवर एक साळुंकी..."

बाईंनी बोट खालच्या ओळीवर नेलं. पुन्हा विहीर, पुन्हा साळुंकी. वर्ग खिदळला. हेडसरही हसले, पोरगी बुजली म्हणाले. निकिताचा चेहरा मात्र रडवेला झाला, आणि बाईंना स्वतःचीही किळस आली. लेकराला सावरायचं म्हणून आधी चारचौघांत उघडं पाडावं लागलं होतं.

शंभुलिंग सरांनी पिशवी खाली ठेवली. उद्या हिला केंद्रात आणा, नीट तपासू, बापाशीही मी बोलतो, एवढंच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी बाई तिला घेऊन एसटीत बसल्या. पोरगी एकदम खुशीत. दप्तरातनं तेच पुस्तक काढून तिनं साळुंकीचं पान उघडलं. बाईंनी विचारलं, हे कशाला आणलंस? तर म्हणाली, हेडसरांनी काल शाळा सुटल्यावर बसवून घेतलं होतं, अंधार पडस्तोवर.

"आता मधलं बी पाठ झालंय, बाई. कुठंबी बोट ठेवा, म्या तिथनं म्हणते. आज न्हाय चुकायची."

बाईंनी खिडकीची काच सरकवली, तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि धावत्या गाडीतनं बाहेर भिरकावलं.