न ऐकलेला ठोका

मी पाना बोलतोय. नट आवळायचा साधा लोखंडी पाना. तोंडाला गंज चढलाय, पण अक्कल अजून शाबूत आहे.

जन्म कारखान्यातला, पण उमेदीची सहा वर्षं पाणबुडीत गेली. इंजिनखोलीत दोघे जण मला वापरायचे. एक माझे आत्ताचे धनी, दुसरा त्यांचा जिवलग दोस्त. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे त्याला काडी म्हणायचे. दोघांत बिछाना एकच. एक कामावर निघाला की दुसरा त्याच उबेत आडवा व्हायचा. "तुझ्या घामाचा वास आता पाठ झालाय रे," काडी चिडवायचा.

इंजिनांच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नसे. मग लोखंडी दारावर माझेच ठोके. दोन म्हणजे 'उघड', तीन म्हणजे 'बंद ठेव'.

एक दिवस पाण्याचा मोठा नळ फुटला. धनी दाराबाहेर होते, त्यांनी हुकमाप्रमाणे दार लावून घेतलं. काडी आत राहिला आणि मी त्याच्या हातात. पाणी छातीला लागलं तेव्हा त्याने मला तीनदा हाणलं. पहिल्याच वेळी लोंढ्याने हात ढकलला, मी दाराच्या कडेच्या रबरावर आपटलो. आवाजच झाला नाही. पुढचे दोन मात्र खणखणीत.

धन्यांनी दोन ऐकले. तरी उघडलं नाही. त्यांच्या मागे चाळीस माणसं होती. वर आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "तीन ठोके वाजले."

काडीच्या मुठीतून मला त्यांनीच सोडवलं. तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. धन्यांनी खोटं म्हणून जे सांगितलं तेच खरं होतं, पण त्यांना ते कधी कळलंच नाही. माणूस आतून पार पोखरला गेला.

काडीची बहीण दरवर्षी येते. स्वतःच चहा करते, भावाच्या गोष्टी विचारते. काल तिने मला हातात घेतलं.

"दादा, तीन ठोके मारताना तो घाबरला असेल का हो?"

धन्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "तीन नव्हते गं. दोनच होते. तो उघड म्हणत होता. मी नाही उघडलं."

मला ओरडावंसं वाटलं. पण पान्याला जबडे असतात, जीभ नसते.

तिने मला हळूच टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली. इतकी वर्षं दारात थांबून 'येते हं दादा' म्हणायची. काल म्हणाली, "जाते."

धनी अजून त्याच खुर्चीत बसलेत. तुम्हाला माझं ऐकू येतंय ना? मग त्या दोघांना एवढंच सांगा, ठोके तीन होते.